मापाचा जुना ब्लाउज घरीच ठेवा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय ४९, रोज ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकल, फोर्टातल्या बँकेत नोकरी. दोन वर्षांत वजन वाढलं ते तीन-चार किलोच, पण कपाटातलं काही धड बसत नाही. ब्लाउजची हुकं लागत नाहीत. कुर्ते पोटावर ताणतात, आणि एक साइज मोठा घेतला तर खांद्यावरून उतरतात. म्हणून आता काळे नाहीतर करडे ढगळ कुर्ते, वरून ओढणी. वजन उतरलं की नवे शिवू, असं म्हणता म्हणता दोन दिवाळ्या गेल्या. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे आणि फोटोच नकोसे वाटतात. अशा अंगाला काय घालावं, म्हणजे चारचौघींत सहज वावरता येईल?

मी दादरला ब्लाउज-ड्रेस शिवते आणि शिकवतेही. तुमच्या वयाच्या बायकांचीच माझ्याकडे जास्त ये-जा असते. सगळ्या पहिल्यांदा काय शोभेल ते विचारतात. मी आधी बसेल कसं ते बघते, कारण कपडा नीट बसला की शोभण्याचं बरंचसं काम झालेलं असतं.

अंगात नेमकं काय बदललंय ते आधी बघू. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होत जातं आणि चरबी साठायची जागा बदलते. आधी मांड्यांवर, नितंबांवर बसायची, ती आता पोटावर आणि कंबरेभोवती बसते. म्हणून वजनकाटा फारसा हलत नाही आणि टेप मात्र भलतंच काही सांगते. छातीतही तसंच. आतल्या घट्ट उतींची जागा चरबी घेते, त्यामुळे छाती मऊ होते, खाली उतरते आणि बगलेकडे पसरते. दंड भरतात. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या बाईचे खांदे पुढे येतात, पाठ वरच्या बाजूला गोल होते. हे सगळं चालू असताना खांद्याची रुंदी तीच राहते, कारण ते हाड आहे. तुमचा मोठ्या साइजचा कुर्ता खांद्यावरून उतरतो तो यामुळेच. पोट मात्र अचानक वाढलं असेल, सतत फुगलेलं राहत असेल किंवा वजन विनाकारण वरखाली होत असेल, तर शिंप्याच्या आधी डॉक्टर गाठा, थायरॉइड तपासून घ्या.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे शिवायला टाकताना पिशवीत नवं कापड आणि एक मापाचा ब्लाउज नेतात. "याच मापाचा शिवा, फक्त कंबरेत इंचभर सैल." बहुतेक घोटाळे इथून सुरू होतात. तो ब्लाउज आठ-दहा वर्षांपूर्वी कधीतरी झकास बसला होता, म्हणून त्याला मापाचा मान मिळाला. त्याच्या टक्सची, म्हणजे छातीला आकार द्यायला घातलेल्या चिमट्यांची, टोकं त्या वेळी छाती जिथे होती तिथे आहेत. त्याचा मुंडा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल, त्या वेळच्या दंडाचा आहे. त्यावरून शिवून कंबरेत इंच सोडला तर कंबर सुटते, पण टक्स वरच राहतात. मग छातीच्या वर रिकामा फुगा आणि खाली ताण. बाई आरशात बघते आणि म्हणते, मीच बेढब झालेय. बेढब काही झालेलं नाही, माप शिळं आहे.

तेव्हा तो ब्लाउज घरीच राहू द्या आणि अंगावर माप घ्यायला लावा. "मापाचं काही आणलंय का?" असं शिंप्याने विचारलं तर नाही म्हणून सांगा. पुरुष शिंप्याकडून माप घ्यायला अवघडत असेल, तर बाई टेलर शोधा. दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, डोंबिवली, कुठल्याही भागात घरातून शिवणाऱ्या बायका आहेत आणि त्यांचा हात बऱ्याचदा बाजारापेक्षा चांगला असतो. छाती, कंबर, हिप ही तीन मापं सगळेच घेतात. तुमच्या बाबतीत महत्त्वाची ती पुढची: छातीच्या वरून बगलेखालून घेतलेला घेर, छातीखालचा घेर, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतर, दोन टोकांमधलं अंतर, दंडाचा घेर, आणि पुढची व मागची उंची वेगवेगळी. टेप लावली की नव्वद टक्के बायका पोट आत ओढतात. मी काही बोलत नाही, मुलांच्या परीक्षेचं विचारते. बोलायला लागल्या की श्वास सुटतो आणि खरं माप मिळतं. पँट किंवा सलवार शिवायची असेल तर कंबर आणि हिप बसूनही मोजून घ्या. बसल्यावर इंच-दीड इंच वाढतोच, आणि तुमचा दिवस तर बसूनच जातो.

माप द्यायला जाताना अंगात कुठली ब्रा आहे, यावर निम्मं अवलंबून असतं. जुनी, इलॅस्टिक गेलेली ब्रा घालून माप दिलं आणि लग्नात नवी घातली, तर छाती इंचभर वर जाते आणि टक्स चुकतात. आणि खरं सांगू का, या वयात कपड्यांच्या आधी ब्राचं माप बदलायला झालेलं असतं. आपल्याकडे दुकानात काउंटरपलीकडे मुलगा उभा असतो, म्हणून बायका हळूच "छत्तीस" म्हणतात, पुडकं उचलतात आणि बाहेर पडतात. वर्षानुवर्षं तेच छत्तीस. आधाराचं बहुतेक काम छातीखालचा बँड करतो, खांद्यावरच्या पट्ट्या नाही. पट्ट्या खांद्यात रुतत असतील तर बँड सैल आहे, म्हणून सगळा भार पट्ट्यांवर आलाय. बँड पाठीवर वर चढत असेल तरी तेच. वरून किंवा बगलेतून मांस बाहेर येत असेल तर कप लहान आहे. चाळिशीनंतर बऱ्याच जणींचा बँड तोच राहतो आणि कप एक-दोन अक्षरांनी पुढे सरकतो. पण दुकानदार काय देतो? ३६ नाही होत तर ३८. बँड सैल, कप कसाबसा. ३६ बी, ३४ सी आणि ३८ ए यांचे कप साधारण एकाच मापाचे असतात, बँड तेवढा बदलतो, हे लक्षात ठेवलंत तर दुकानात कुणी गंडवणार नाही. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक सैलावत गेलं की आतली हुकं वापरायची, ती त्यासाठीच असतात. बाई माप घेते आणि घालून बघता येते, असं दुकान निवडा. दोन चांगल्या ब्रा घेतल्यात तर कपाटातले दोन-चार ब्लाउज आपोआप परत बसायला लागतील, याची मी जवळजवळ खात्री देते.

आता कुर्ते. कपडा कुठे घट्ट आहे ते चुण्याच सांगतात, फक्त वाचता यायला हव्यात. तुमचा ताणणारा एखादा कुर्ता घाला आणि आरशासमोर हात खाली सोडून उभ्या राहा. पोटावर किंवा हिपवर आडव्या रेघा उमटल्या तर तिथे घेर कमी आहे. खांद्याखाली, बगलेजवळ उभ्या घड्या पडल्या तर तिथे कापड जास्त आहे. छातीपासून तिरक्या रेघा निघाल्या तर छातीला जागा हवी आहे, टक्स मोठे हवेत. मागे कंबरेत कापड गोळा होत असेल तर बायका म्हणतात, कुर्ता मागून मोठा झालाय, तिथे टक्स घाला. कित्येकदा उलटं असतं. हिपवर घट्ट असल्यामुळे कुर्ता खाली उतरत नाही, वर चढून कंबरेत साठतो. हिपची शिवण सोडली की ती घडी आपोआप जाते. टक्स घातलेत तर आणखी वर चढेल.

पुढचा घोळ तर जवळपास प्रत्येकीचा. पोट वाढलं की कुर्त्याची पुढची कड वर उचलली जाते. मागे गुडघ्यापर्यंत आणि पुढे त्याच्या दीड इंच वर. पोटावरून जायला कापडाला लांबीही जास्त लागते, हे कुणी लक्षातच घेत नाही; सगळे फक्त रुंदी वाढवत बसतात. मग रुंद तंबू होतो आणि तरी पुढून आखूडच. शिवताना पुढच्या भागाची उंची मागच्यापेक्षा इंच-सव्वा इंच जास्त ठेवायला सांगा. कुर्ता घातल्यावर खालची कड जमिनीला समांतर आली पाहिजे. एवढ्या एका गोष्टीने कपडा आपल्यासाठी शिवलेला वाटतो. बाजूचे कट कुठून सुरू होतात तेही बघा. पोटाच्या सगळ्यात रुंद भागावरच कट सुरू झाला, तर तो फाकतो आणि लक्ष नेमकं तिथे जातं. रुंद भागाच्या दोन बोटं खाली सुरू करायला लावा.

मुंड्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा रोजचा प्रवास लोकलचा आहे. गर्दीत एक हात वर, कडीला धरलेला, तासभर. बायका म्हणतात, बगलेत काचतंय, मुंडा सैल करा. शिंपी मुंडा खाली उतरवतो. उभं असताना बरं वाटतं, पण हात वर केला की अख्खा कुर्ता हाताबरोबर वर येतो, ब्लाउज असेल तर खालून सुटतो. कारण मुंडा जितका खाली, तितकी बाही धडाला खाली बांधली गेली. हात मोकळा हलायला मुंडा बगलेच्या जवळ हवा आणि जागा हवी ती बाहीत, दंडाच्या घेरात. दंड भरलेला असेल तर बाहीचा वरचा गोलावा जरा बसका करून दंडाला रुंदी वाढवतात. शिवून झालेला कपडा काचत असेल तर बगलेत छोटा चौकोनी तुकडा जोडता येतो. हात खाली असला की तो दिसत नाही. शिंप्याला फक्त सैल करा म्हणू नका. हात वर करून दाखवा आणि कुठे अडतंय तिथे बोट ठेवा.

ट्रायल घेताना मी सगळ्यांना तीन गोष्टी करायला लावते. कडी धरल्यासारखा हात वर करायचा. बुटक्या स्टुलावर बसायचं. खाली पडलेली पिशवी उचलायची. यात एकदाही हात कपडा खाली ओढायला गेला, तर काम बाकी आहे. आत्मविश्वास वगैरे तुम्ही विचारलात, त्याचं माझ्या धंद्यातलं उत्तर हेच. ज्या बाईचा हात दर पाच मिनिटांनी ओढणीकडे, गळ्याकडे, मागच्या कडेकडे जातो, तिचं अर्धं लक्ष कपड्यात अडकलेलं असतं. ते सुटलं की मान आपसूक वर येते.

रेडीमेडबद्दल थोडं. एक्सएल, डबल एक्सएल या आकड्यांना आपल्याकडे एकच असं माप नाही, प्रत्येक कंपनीचं आपलं वेगळं. भारतीय अंगाचा तक्ता असावा म्हणून निफ्ट ही फॅशन शिकवणारी सरकारी संस्था आणि केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २५,००० हून अधिक लोकांची स्कॅनरने मापं घेण्याचा इंडियासाइझ हा प्रकल्प हाती घेतला, त्यात मुंबईही आहे. दुकानात अजून तरी लेबलवर विसंबू नका. मोठा साइज काढताना कंपन्या छाती-कंबरेबरोबर खांदा आणि गळाही वाढवत जातात. तुमचा खांदा तर वाढलेला नाही. त्यामुळे एल आणि डबल एक्सएल दोन्ही चुकीचेच वाटणार. रेडीमेड घ्यायचंच असेल तर खांदा आणि छाती ज्यात बसते तो साइज बघा आणि खालून ए-लाइन किंवा कळ्यांचा कुर्ता निवडा, पोट-हिपला घेर आपोआप मिळतो. सरळ कुर्ता हवा असेल तर शिवूनच घ्या. मंगलदास मार्केट किंवा हिंदमाताला कापड घेऊन शिलाई धरली तरी चांगल्या रेडीमेडच्या आसपासच हिशेब बसतो.

आणि ते काळे ढगळ कुर्ते. काळा रंग मलाही आवडतो, रंगाशी माझं भांडण नाही. पण ढगळ कापड अंगाच्या सगळ्यात पुढे आलेल्या ठिकाणापासून सरळ खाली लोंबतं. छातीपासून लोंबलं की छातीखालची तुमची खरी बारीक जागा झाकली जाते आणि वरपासून खालपर्यंत सगळं छातीएवढं रुंद दिसतं. लपवायला गेलात ते वाढूनच दिसतं. तुमच्यासारख्या अंगाला मी पुढचा भाग सरळ सोडते आणि पाठीत दोन लांब टक्स घालते. पुढून पोटावर काही चिकटत नाही, मागून आकार राहतो, बाजूने बघितलं तरी कंबर आहे हे कळतं. बाही कोपरापर्यंत किंवा कोपराच्या जरा खाली. अर्धी बाही नेमकी छातीच्या रेषेत संपते आणि तिथली रुंदी वाढवते. गळा थोडा उभा किंवा व्ही, बंद गळ्याने भरलेली छाती एकसंध मोठी दिसते. पण हे काही कायदे नाहीत. एका काकूंना बंद गळाच आवडतो आणि त्यांनी तो असा काही मिरवला की माझं तोंडच बंद.

कापडाचं मुंबईत वेगळंच गणित असतं. ऑक्टोबरात घाम, पावसाळ्यात चिकचिक, ऑफिसात एसीचा गारठा, आणि तुमच्या वयात मधेच अंगातून वाफा निघतात ते निराळंच. पॉलिएस्टर चिकटतं आणि पोटाचा आकार काढून दाखवतं. रेयॉन छान पडतं, पण भिजलं की जड होऊन लोंबतं, जुलैत नको. खळ घातलेलं कडक सुती अंगापासून लांब उभं राहतं आणि घेर वाढवतं. तुम्हाला मऊ पण अंग धरणारं कापड हवं: जरा जाड मलमल, खादीचा बारीक प्रकार, सुती-सिल्क, हलकं क्रेप. पातळ असेल तर सुती अस्तर लावा, अस्तरामुळे वरचं कापड घसरतं आणि चिकटत नाही. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात टाकून वाळवा. पहिल्या धुण्यात ते आटतं, आणि अंगाला काठोकाठ बसणाऱ्या कपड्यात अर्धा इंचही महाग पडतो. वाफा येत असतील तर आत बिनबाह्यांचा मलमलचा कुर्ता आणि वर पुढून उघडं पातळ जॅकेट, असा जोड शिवा. गाडीत काढा, ऑफिसात घाला.

जुन्या कपड्यांचं काय? कपाट रिकामं करून नवीन भरायला मी सांगणार नाही. एकेक कुर्ता, ब्लाउज उलटा करून शिवणीत किती माया, म्हणजे आत सोडलेलं जास्तीचं कापड, आहे ते बघा. दोन्ही बाजूंना, पुढचं-मागचं मिळून चार ठिकाणी माया असते. प्रत्येक ठिकाणी अर्धा इंच सुटला तर घेर दोन इंचांनी वाढतो. म्हणून घरी किंवा ओळखीच्या बाईकडे शिवलेले कपडे जास्त जगतात. रेडीमेडमध्ये ओव्हरलॉक मारून माया कापून टाकलेली असते. सुती कपड्यावर जुन्या शिवणीची रेघ एक-दोन धुण्यांत जाते. सिल्क, सॅटिन, मखमल यांवर भोकं आणि रंगाची रेघ राहते. तिथे उसवण्याऐवजी बगलेखालून कंबरेपर्यंत उभी पट्टी जोडा. खणाची किंवा त्याच साडीच्या आतल्या टोकाची पट्टी घेतली तर मुद्दाम केलेलं डिझाइन वाटतं. ज्याच्यात माया नाही, पट्टी शोभत नाही आणि गेली दोन वर्षं अंगाला लागलेलं नाही, ते ज्याला होईल त्याला देऊन टाका. वजन उतरलंच तर काय, असा प्रश्न लगेच येईल. उतरलं तर शिवण आत घेऊ, दहा मिनिटांचं काम. आत घेणं नेहमीच सोपं, सोडणं अवघड, म्हणून आजच्या मापाचं शिवा आणि प्रत्येक शिवणीत इंचभर माया ठेवायला बजावून सांगा. शिंपी कुरकुर करेल, करू दे.

साडी अंगाच्या कुठल्याही आकाराला नेसता येते, अडचण असते ती ब्लाउज आणि परकराची. परकराच्या बारीक नाडीने पोट दोन भागांत चेपलं जातं, वर एक वळकटी, खाली एक, आणि साडी दोन्ही दाखवते. नेफ्यातली नाडी काढून दोन इंच रुंद पट्टा लावून घ्या, किंवा बाजूला हुक आणि मागे इलॅस्टिक. सहा कळ्यांचा परकर हिपवर बसतो आणि खाली मोकळा राहतो, त्यावर साडी नीट पडते. बारीक नाडी एकाच जागी वर्षानुवर्षं करकचून बांधण्याचा आरोग्याशीही संबंध आहे. धोतराच्या गाठीमुळे कंबरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं, आणि परकराच्या घट्ट नाडीमुळे झालेल्या अशाच जखमांबद्दल २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी लिहिलं. हे फार विरळा, घाबरू नका. पण नाडीच्या जागी कातडी काळवंडली असेल, खाजत असेल, बरी न होणारी जखम असेल, तर दाखवून घ्या आणि नाडी बदलाच.

बाळंतपण होऊन वर्षही झालेलं नाही अशा मुलींसाठी एवढंच: अंगावर पाजत असेपर्यंत छातीचं माप एकाच दिवसातही बदलतं, तोवर महागाचा ब्लाउज शिवू नका, पुढून उघडणारे दोन-तीन साधे शिवा आणि माया भरपूर ठेवा. आणि परळला टाटामध्ये छातीची शस्त्रक्रिया होऊन आलेल्या बायकाही आमच्याकडे येतात. त्यांच्या ब्लाउजला आतून मऊ सुती कप्पा शिवतात, त्यात कृत्रिम स्तन बसतो. हुकं पुढेच, कारण हात मागे नेणं जड जातं. त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून ती बाही जरा मोठी. हे शिवून देणारी बाई सापडली नाही तर चांगल्या टेलरला समजावून सांगा, काम अवघड नाही, फक्त कुणी मागत नाही.

लोकांच्या बोलण्याचा विषय तुम्ही ओझरता काढलाय. हळदीकुंकवात, बारशात, "काय गं, किती सुटलीस!" हे आपल्याकडे ख्यालीखुशाली विचारल्यासारखं म्हणतात. त्यावर माझ्याकडे शिवणीतला इलाज नाही. माझ्या एक गिऱ्हाईक हसून म्हणतात, "हो, आणि ब्लाउज नवीन शिवलाय, बघितलास का?" विषय बदलतो. मला ते उत्तर फार आवडतं. आरशाचं मात्र एक करा: फक्त समोरून, जवळून, पोटाकडे बघत बसू नका. आठ-दहा फूट मागे जाऊन, चालत येताना, बाजूने बघा. लोक तुम्हाला तसंच बघतात. मुलीला फोनवर तुमचा चालतानाचा व्हिडिओ काढायला सांगा. पहिल्यांदा नकोसं वाटेल, पण कपडा कुठे ओढला जातोय ते त्यात स्वच्छ दिसतं.

लग्नाचं आता ठरवून टाका. पैठणी नेसायची म्हणताय, छान, पण पैठणीचा पोत जाडसर आणि पदर जड, त्यामुळे निऱ्या कमी आणि रुंद घ्या, पोटावर थर चढणार नाहीत. पदर खांद्यावर चुण्या करून पिन लावलात तर छातीखालची बाजू मोकळी राहील. पदर सोडलात तर तो पोटावरून उतरेल आणि तेही छानच दिसतं, फक्त दिवसभर सांभाळावा लागतो. ब्लाउज प्रिन्सेस कट घ्या. टक्सच्या ऐवजी मुंड्यापासून खालपर्यंत शिवण जाते, भरलेल्या छातीला आकार देते, आणि पुढे सोडायची-घ्यायची वेळ आली तर ती जास्तीची शिवण कामाला येते. उंची नेहमीपेक्षा इंचभर जास्त, म्हणजे हात वर केला तरी पोट उघडं पडत नाही. हुकं पुढेच ठेवा, मागची दिसायला सुरेख, पण घालायला दुसरं माणूस लागतं. अस्तर सुती.

दिवाळीच्या आधी सगळे टेलर गळ्यापर्यंत भरलेले असतात आणि डिसेंबरच्या मुहूर्तांची गर्दी त्याच्या मागोमाग येते. तेव्हा कापड ऑगस्ट-सप्टेंबरातच टाका आणि ट्रायलची तारीख लिहून घ्या, कच्च्या टाक्यांवरची एक आणि शेवटची एक. पहिली ट्रायल चुकवू नका, खरी दुरुस्ती तिथेच होते. दोन्ही वेळा साडी, परकर, त्या दिवशी घालायची ब्रा आणि लग्नातली चप्पल बरोबर न्या. परकराची उंची चपलेवर ठरते, आणि ती विसरली की शेवटच्या दिवशी धावपळ होते.